जावेचं ताक आणि माझं कुत्रं

माझी आणि माझ्या थोरल्या जावेची भांडणं कशाकशावरून झाली ते लिहायला बसले तर जन्म जायचा. माझ्या मोरीचं पाणी तिच्या गोठ्याकडे वाहिलं म्हणून. माझ्या कोंबडीने तिच्या गवतात अंडं घातलं आणि तिने ते चुपचाप उकडून खाल्लं म्हणून. माझ्या भांड्यांचा आवाज फार येतो म्हणून, आणि एकदा तर आवाज येत नाही, नक्की काहीतरी शिजतंय, म्हणून. पण सगळ्यात मोठं भांडण झालं ते कुत्र्याच्या हगवणीवरून. हसायला येतंय ना? मला नाही येत. अजून नाही येत.

आता माझी नात ठाण्याला राहते. तिच्याकडे लांब केसांचं एक कुत्रं आहे, त्याला गादी आहे. मागल्या खेपेला गावी आली तेव्हा त्याच्यासाठी एक डबा घेऊन आली. मला म्हणते, "आजी, ह्याला प्रोबायोटिक म्हणतात. पोटातले चांगले जंतू. आणि ह्या दुसऱ्या पुडीत प्रीबायोटिक, म्हणजे त्या जंतूंचं खाणं. तुला नाही कळायचं." मला नाही कळायचं! अगो, ह्याच दोन गोष्टींपायी मी तुझ्या मोठ्या आजीला सगळ्या बायांसमोर 'तू' म्हटलंय. तेव्हा ह्याला डबा नव्हता, एवढंच.

तर सांगते.

आमचं घर मुरबाडहून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वैशाखऱ्याच्या थोडं पुढे, वस्तीच्या शेवटच्या टोकाला. सासरे गेल्यावर दोघा भावांनी घराच्या मधोमध कुड घातला. कारवीच्या काठ्या विणायच्या आणि वरून शेणमातीने लिंपायचं, झाला कुड. त्याने पलीकडचं माणूस दिसत नाही, पण ऐकू सगळं येतं. ती तिकडे खोकली की मी इकडे कूस बदलायची. अंगण मात्र वाटलं नाही. ते राहिलं दोघींचं. ज्याने कोणी असं वाटप केलं त्याला बाईच्या जातीची अक्कल नव्हती, एवढंच म्हणते.

आमचे हे शहापूरला एका कचेरीत शिपाई. मुरबाडहून शहापूरची एसटी कधी यायची, कधी नाही यायची, म्हणून त्यांनी तिकडेच एक खोली घेतलेली. शनिवारी यायचे, सोमवारी पहाटे जायचे. मागे मी आणि दोन पोरं. घराच्या पाठी सरळ रान. कोंबड्यांवर रानमांजर टपलेलं, चुलीपाशी कधी लांबडं निघालेलं. त्यात दार म्हणजे चार फळ्या. तेव्हा माझ्या दाराची खरी कडी होती ते कुत्रं. गावठीच, तांबूस रंगाचं, एक कान फाटका. नाव काही ठेवलं नव्हतं, यू यू केलं की यायचं. उंबऱ्याला पाठ लावून झोपायचं. त्याच्या पाठीचा दाब फळ्यांना लागलेला मला आतून कळायचा, आणि मग मला झोप लागायची. म्हणून ते कुत्रं मला हवं होतं. लाडाबिडाचा प्रश्न नव्हता.

होळीच्या आसपास त्याला रानडुकराने फाडलं. मानेपाशी एवढी मोठी जखम, त्यात किडे पडले. नेमके मुरबाडचे जनावरांचे डॉक्टर गावात गुरांना लस टोचायला आलेले. त्यांनी जखम धुतली, सुई मारली, गोळ्या दिल्या. गुळात घालून गोळ्या चारल्या, जखम भरली. मी म्हटलं, सुटलो.

कसलं सुटलो. जखम भरली आणि पोट उघडलं. पाण्यासारखं व्हायला लागलं त्याला. खाल्लेलं अंगी लागेना, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा दिसायला लागल्या. आणि वास! ते बिचारं रानाकडे धावायचं, पण पोचायचं नाही.

त्याच दिवसांत माझ्या जावेच्या मुलीचं ठरलं. शहापूरकडचं स्थळ, मुलगा नोकरीला. साखरपुडा आमच्याच अंगणात व्हायचा होता. जावेचा पाय जमिनीला लागेना. मी पण मदतीला होते हो, नाय कशाला म्हणू. तांदळाचे पापड लाटायला मी पहाटे उठून गेलेले. जुन्या लुगड्यावर पापड वाळत घातले, पांढरेशुभ्र, पातळ, अंगण भरून. आम्ही दोघी हात धुवायला आत वळलो आणि कुत्रं रानाकडे पळायला निघालं ते त्या लुगड्यावरून.

पुढचं लिहीत नाही.

जाऊ बाहेर आली. आधी तिने पापडांकडे बघितलं, मग कुत्र्याकडे, मग माझ्याकडे. कुत्र्याकडे बघितलं त्याहून वाईट नजरेने.

"तूच सोडलंस त्याला."

"जाऊबाई, त्याचं पोट बिघडलंय. त्याला काय कळतंय?"

"त्याला नाय कळत, तुला कळतं. माझ्या पोरीचं चांगलं झालं ते तुझ्या डोळ्यात गेलंय. कुत्र्याच्या ढुंगणानं बोलतेस तू!"

"असं काय बोलता? पापड मीच लाटलेत ना पहाटेपासून?"

"म्हणूनच घान झाले."

मग तिने सगळ्या वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. तिच्या भावाची जीप होती, मुरबाडहून घाटावर भाडी मारायची. तो साखरपुड्याला येणारच होता. "तवर हे कुत्रं सुधारलं तर सुधारलं. नायतर गोणीत घालून जीपमध्ये टाकीन आनि घाटाच्या वर सोडून यायला सांगीन. पाहुन्यांसमोर माझ्या अंगनात हे नाय चालायचं."

ती बोलली की करते. एकदा माझी मांजर अशीच गेलेली आहे.

दुसऱ्या दिवशी मी एसटीने मुरबाड गाठलं. कुत्र्याला कंडक्टर घेईना, म्हणून एकटीच गेले. दवाखान्यात बैल, शेळ्या, एक रेडकू, आणि त्यांच्या रांगेत मी, हातात काही नाही. डॉक्टर वैतागलेलेच असायचे. म्हणाले, "तुमचं जनावर कुठंय?"

"घरी आहे. त्याला जुलाब आहेत. औषध द्या."

सगळं विचारलं त्यांनी. रंग कसा, आव पडते का, रक्त दिसतं का, पाणी पितं का. आजूबाजूचे बाप्ये ऐकत होते, मी मान खाली घालून सांगत होते. मग म्हणाले, "औषध नाही देत. औषधानेच झालंय. बाई, पोटात जंतू असतात. वाईट असतात तसे चांगले पण असतात, अन्न पचवणारे, पोट राखणारे. जखमेच्या गोळ्यांनी वाईट मेले, त्यांच्याबरोबर चांगले पण मेले. आता आत राखणदारच नाही."

"मग ते आणायचे कुठून?"

"ताकातून. ताजं, गोडं, पाणी घालून पातळ केलेलं. मीठ अजिबात नको. दूध तर नकोच, दुधाने आणखी सुटेल. पहिल्यांदा थोडं, मग वाढवत न्या. आणि नुसतं ताक पाजून बसू नका. त्या जंतूंना पण खायला लागतं. लाल भोपळा शिजवून घोटा, नाचणीची पातळ पेज करा, मऊ भातात कालवून गार करून द्या. आत गेलेले जंतू त्याच्यावर जगतात. दोन्ही पाहिजे. एकच दिलंत आणि गुण नाही आला, तर मला तोंड दाखवू नका. आणि रक्त दिसलं तर मात्र कुत्रं उचलून इथं आणा, कंडक्टरशी भांडा."

परतीच्या जीपमध्ये मी हिशेब लावत बसले. भोपळा माळ्यावर होता. नाचणी कणगीत होती. आणि ताक? मेल्या उन्हाळ्यात आख्ख्या वस्तीतल्या गाई आटलेल्या. एकच दुभती होती. कोणाची असणार? घाटाकडून गरम वारा तोंडावर येत होता, आणि मला जावेच्या रवीचा आवाज तिथपर्यंत ऐकू येत होता.

तरी गेले. पदर खांद्यावर नीट घेतला आणि तिच्या दाराशी उभी राहिले. ती खांबाला दोरी बांधून ताक घुसळत बसलेली. भावजी ओटीवर विडी ओढत होते.

"जाऊबाई, वाटीभर ताक देता काय?"

"कोनाला बरं नाय?"

"कुत्र्याला."

रवी थांबली. "कोनाला?"

"डॉक्टरनी सांगितलंय. बिनमिठाच्या ताकाने पोट धरेल म्हणाले."

"माझी गाय काय तुझ्या कुत्र्यासाठी व्याली काय गो? माझे पापड घान करून पोट नाय भरलं त्याचं, आता ताक पायजे?"

भावजींनी ओटीवरूनच आवाज टाकला, "ताकाला नाय म्हनायचं नाय. आमच्या आयनं कधी कोनाला दारातून परत नाय पाठवलं."

"तुमच्या आयच्या दारात कुत्रं नव्हतं आलं ताक मागायला."

"कुत्रं कुठं आलंय? धाकटी आलीय."

"तेच म्हनतेय मी."

भावजी हसले. तिच्यायला, ते हसले! मी पदर परत नीट केला आणि तिथेच उभी राहिले. माझ्या कुत्र्याचा जीव तिच्या मडक्यात होता. पण हे मी उरात ठेवलं.

उद्यापासून देते म्हणाली, आणि दुसऱ्या सकाळपासून खरंच द्यायला लागली. एका पोचे पडलेल्या जर्मनच्या पातेल्यात, माझ्या दाराशी आपटून ठेवायची. हातात नाही द्यायची. ते पातेलं कोमट लागायचं. मी म्हटलं, उन्हात ठेवलं असेल. ताक पण विचित्र दिसायचं, वर हिरवट पाणी, खाली पांढऱ्या कण्या बसलेल्या. धुराचा वास. मी म्हटलं, घरातलं शिळंपाकं देत असेल मेली, पण ताक आहे ना, असू दे. वर पाणी घालून कुत्र्यापुढे ठेवलं. दुपारी भोपळा घोटून नाचणीच्या पेजेत कालवलेला भात. सगळं डॉक्टरांनी सांगितलं तसं.

गुण येईना. उलट ताक प्यायलं की कुत्रं पाण्याच्या घमेल्यावर तुटून पडायचं, घटाघटा पाणी प्यायचं, आणि मग जे व्हायचं ते आधीपेक्षा वाईट. उभं राहताना त्याचे मागचे पाय कापायला लागले. माझ्या दाराला पाठ लावायचं, पण दाब लागायचा नाही. तेवढं वजनच उरलं नव्हतं त्याच्यात.

जाऊ रोज सकाळी दात घासत अंगणात उभी राहायची आणि विचारायची, "काय गो, सुधारलं काय? भाऊ यायचाय हां माझा. गोनी शिवून ठेवलीय मी."

"सुधारेल."

"सुधारेल, सुधारेल! पाहुने आल्यावर त्यांना काय सांगू? जरा सांभाळून बसा, आमच्याकडं सुधारतंय?"

शनिवारी हे आले. मी म्हटलं, तुमच्या वहिनीला जरा समजावा, कुत्रं न्यायचं म्हणते. हे म्हणाले, "आठवड्याची एक रात्र घरी येतो मी. त्यात पण कुत्र्याचं पोट?" आणि भावाकडे विडी ओढायला गेले. पुरुषांचं हे असं. घरात आग लागली तरी आधी विचारतील, जेवण तयार होतं काय.

साखरपुडा तोंडावर आला. एका सकाळी पातेलं ठेवून ती वळली आणि मला काय वाटलं कोण जाणे, मी बोट बुडवून जिभेला लावलं.

खारट! समुद्राच्या पाण्यासारखं खारट!

मी पातेलं उचललं ते तशीच बोरिंगवर गेले. पाण्याला सगळ्या बायका जमलेल्या, जाऊ हापसा मारत होती. मी पातेलं तिच्या हंड्याशेजारी ठेवलं.

"ह्यात मीठ कोणी घातलं?"

"मी घातलं. मग?"

"डॉक्टर बिनमिठाचं म्हणाला, मी तुला सांगितलंवतं. तू माझ्या कुत्र्याला मारायला मीठ घालतेस?"

बायका गप्प झाल्या. मिठामुळे नाही, 'तू'मुळे. लग्न होऊन आले तेव्हापासून मी तिला 'तुमी' म्हणत आलेले. तिला पण ते लागलं. हापसा सोडून कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"माझ्या गाईचं ताक घराबाहेर जातंय, आनि मी मीठ न टाकता देऊ? आमच्या माहेरी मान्साला द्यायचं तरी चिमूट मीठ टाकतात, नजर लागू नये म्हनून. आनि हे तर कुत्र्याच्या तोंडात! कुत्र्याला कच्चं ताक दिलं तर गाय आटते. म्हनून मूठभर मीठ टाकून, चुलीवर ठेवून, फुटेपर्यंत उकळून देते मी. विस्तवातनं गेलं की गाईला दोष नाय. एवढं करून देते, लाकडं जाळून, आनि वर तू मला बोलतेस?"

उकळून! मला एकदम त्या कण्या, तो धूर, ते कोमट पातेलं, सगळं कळलं.

"विहारात वंदनेला सगळ्यांच्या पुढं बसतेस, पांढरं लुगडं नेसून," मी म्हटलं, "आणि घरी येऊन ताकाला विस्तव दाखवतेस? लाज नाय वाटत?"

"विहार विहाराच्या जागी, गाय गाईच्या जागी."

"आणि अक्कल कुठल्या जागी? उकळलेल्या ताकाने कधी विरजण लागलंय काय? सांग ना, लागलंय काय?"

ह्याला मात्र ती थांबली. कारण हे काही डॉक्टरांचं बोलणं नव्हतं, हे तिला माझ्याहून चांगलं माहीत होतं. सगळ्यांच्या घरी ती विरजण लावणारी बाई. एक म्हातारी तिथे घागर घेऊन बसलेली, ती म्हणाली, "खरंय गो तिचं. उकळलं की मेलं ताक. मेल्या ताकानं दही नाय धरत, कुत्र्याचं पोट कसं धरेल?" बाकीच्या बायका पण माना हलवायला लागल्या.

मला तेवढ्याने पुरलं नाही. राग आला की माझं तोंड थांबत नाही. मी म्हटलं, "बघा बायांनो, हिच्या घरचं ताक विष आहे. साखरपुड्याला जेवायला याल तर विचार करून या."

आता बघा, शहापूरचे पाहुणे यायचेत, गावातून एक शब्द तिकडे गेला तर काय होईल, हे तिला कळलं. हंडा अर्धा भरलेला तसाच टाकून ती निघाली. जाताना म्हणाली, "माझ्या ताकात विष? उद्या सकाळी या सगळ्या. येऊन बघा."

दुसऱ्या सकाळी तिने मडकं, रवी, दोरी सगळं बाहेर काढलं. अंगणातल्या आंब्याच्या खोडाला दोरी बांधली आणि सगळ्यांच्या देखत घुसळायला बसली. पाण्याला जाणाऱ्या बायका थांबल्या. मी माझ्या दारात उभी. कुत्रं अंगणात पडलेलं, त्याने डोकं उचललं. लोणी वर आलं, ते तिने काढून घेतलं. मग ताकाचा पेला भरला, तोंडाला लावून घटाघटा प्यायली, ओठांवरची ताकाची मिशी पुसली आणि ओरडली, "मेले काय मी? बघा, मेले काय?" आणि राहिलेलं ताक तसंच, कच्चं, बिनमिठाचं, त्या पोचे पडलेल्या पातेल्यात ओतून कुत्र्यापुढे सरकवलं. "पी रे मेल्या. पी. तुझ्या मालकिनीचं तोंड बंद होऊ दे."

मी पुढे होऊन तांब्यातलं पाणी त्यात ओतलं. पातळ पाहिजे, डॉक्टर म्हणालेला. तिने माझा हात झटकला नाही, पण बघितलंही नाही.

कुत्रं प्यायलं. लोण्याचे चार ठिपके राहिलेले, ते पण चाटले.

पुढे रोज असंच. ती अंगणात घुसळायची, कारण आता आत घुसळलं तर लोक म्हणणार, मीठ टाकत असेल. स्वतः प्यायची, कुत्र्याला द्यायची, सगळ्यांना दाखवून. मी दुपारी भोपळा आणि नाचणीचा भात. आम्ही एकमेकींशी बोलत नव्हतो. मध्ये एक दिवस गाईने दूध चोरलं तर कुडाला तोंड लावून ओरडली, "अर्धा तांब्या कमी! बघ, कुत्र्याच्या तोंडाचा दोष!" मी इकडून म्हटलं, "चारा वाळलाय, त्याचा दोष!" दुसऱ्या दिवशी गाईने पान्हा सोडला. मला वाटलं, आता तरी मानेल. कुठलं. नंतर कळलं, ती रोज ताक दिलं की मागल्या दाराला एक निखारा टाकत होती. म्हणे त्याच्यामुळे गाय वाचली. आता ह्याला काय बोलायचं?

आधी वास कमी झाला. मग कुत्र्याचे पाय कापायचे थांबले. एका सकाळी ते रानाकडे निघालं, धावत नाही, चालत. अंगणाच्या कडेला बसलं, उठलं, माती उडवली आणि गेलं. मी बघायला गेले. घट्ट. चांगलं घट्ट. मान वर केली तर जाऊ पण पलीकडून वाकून तेच बघत होती. आमची नजरानजर झाली. तिने थुंकून तोंड फिरवलं. मी पण.

साखरपुड्याच्या दिवशी अंगण सारवलेलं, मांडव घातलेला. मी मांडवाच्या मागे पुऱ्या लाटत होते. बोलत नसले तरी पोरगी माझी पण होती. तेवढ्यात जीप आली. जावेचा भाऊ उतरला, हातात खरंच गोणी.

"अक्का, कुठंय ते कुत्रं? पाहुने यायच्या आत टाकतो गाडीत."

"कुठलं कुत्रं?"

"तूच नाय काय निरोप दिलावतास? हगरं कुत्रं घाटात सोडायचंय म्हनून?"

मी लाटणं खाली ठेवलं. कुत्रं जीपच्या चाकाशी जाऊन टांग वर करत होतं.

"हे? हे हगरंय? डोळे फुटले काय तुझे?" जाऊ तावातावाने म्हणाली. "माझ्या ताकावर उठलंय ते. मेलेलं होतं, मी उठवलंय. ते घाटात सोडतोस? गोनी ठेव त्या कोपऱ्यात आनि नारळ उतरव."

मी लाटणं परत हातात घेतलं. पण गप्प बसवेना. मांडवामागून म्हटलं, "आणि भोपळा कोणाचा होता?"

"भोपळ्यानं काय होतंय गो?" ती तिकडून. "भोपळा ढोरं पन खातात."

डॉक्टर म्हणालेला, दोन्ही पाहिजे. पण पाहुण्यांसमोर डॉक्टर काय सांगू? पाहुणे आले, जेवले, कोणीतरी विचारलं, कुत्रं छान राखलंय, काय खायला घालता? जाऊ म्हणाली, "ताकावर वाढवलंय आमी."

आमी!

म्हणजे कुत्रं घाटात गेलं नाही, ते जिंकले मी. पण ते माझ्याकडे राहिलं असं समजू नका. त्याला कळलं, ताक कुठून येतं ते. साखरपुड्यानंतर ते रात्री तिच्या ओटीवर झोपायला लागलं, गोठ्याच्या तोंडाशी, म्हणजे सकाळी रवी फिरली की पहिला नंबर. दुपारी ऐटीत माझ्याकडे यायचं, भोपळाभात चाटूनपुसून खायचं आणि परत कुडापलीकडे. मी यू यू केलं तर शेपूट हलवायचं, उठायचं नाही. जावेने त्याला दूध कधी दिलं नाही, मीठ कधी टाकलं नाही, ताक एक दिवस चुकवलं नाही. ते काही प्रेमाने नाही, मला जाळायला. माझं दार परत चार फळ्यांचं झालं. ह्यांना सांगून शहापूरहून लोखंडी कडी आणवली, ती त्यांनी उलटी बसवली.

खूप वर्षं जगलं ते. दोघींच्याही पोरांची लग्नं झाली, कुडाच्या जागी विटांची भिंत आली, तोवर जगलं. शेवटी म्हातारं होऊन आंब्याखाली मेलं. पोट त्याचं पुन्हा कधी बिघडलं नाही, हे मात्र लिहून ठेवते, मग त्याचं श्रेय कोणी का घेईना. पुरायचं कुठे यावर पण आमचं वाजलं. ते लिहीत नाही.

ते गेलं त्याच्या दुसऱ्या सकाळी मी अंगण झाडत होते. जाऊ हातात ते पोचे पडलेलं पातेलं घेऊन बाहेर आली, सवयीने, पार आंब्यापर्यंत गेली, वाकली आणि तशीच उभी राहिली. मग माझ्याकडे वळली.

"घे. तुला पायजे तर घे. गाईनं दिलंय, ओतायचं कशाला."

मी केरसुणी टेकवली. पातेल्यात बघितलं.

"मीठ टाकलंय काय?"

"तुझ्यासाठी?" ती म्हणाली. "तुझ्यासाठी विस्तव पन बुडवून आनते, थांब."